कोंडलेल्या जिवाचा हिशेब

दोस्तांनो, सध्या एक नवी पोथी फिरतेय. माणूस मेला की त्याच्या आत्म्याला उजेड दाखवतात. उजेडात शिरला की त्याची आठवण पुसतात आणि पुन्हा कुठल्यातरी बाईच्या पोटातून त्याला पृथ्वीवर लोटतात. कशासाठी? तर इथं त्यानं रडावं, भ्यावं, कुढावं, आणि त्या रडण्यातून निघणारी ऊर्जा वरच्या कुणीतरी चाटून खावी. पृथ्वी म्हणजे तुरुंग, माणूस म्हणजे दावणीची दुभती म्हैस. ही पोथी मोबाईलवर हिंदीतून वाजते आणि रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्या सूतगिरणीतली पोरं ती कानात खुपसून ऐकतात. एका हातात भाकरी अन् शेंगाचटणी, दुसऱ्या हातात हे.

आपले कार्यकर्ते हसतात. अंधश्रद्धा म्हणून एका शब्दात निकाल लावतात. मला हसू येत नाही. गोष्ट खोटी आहे, पण ती ज्या दुखण्यावर माशीसारखी बसलीय ते दुखणं खरं आहे. आपलं काहीतरी रोज कोण तरी काढून नेतंय, हे त्या पोराच्या अंगाला कळतंय. चोर कुठं राहतो तेवढं त्याला चुकीचं सांगितलंय.

पोथीचं मूळ शोधलं तर ते अमेरिकेत सापडतं. रॉबर्ट मन्रो नावाचा एक इसम होता. आपण शरीर सोडून बाहेर फिरून येतो असं सांगायचा. 1985 च्या त्याच्या पुस्तकात या ऊर्जेला त्यानं 'लूश' असं नाव दिलं. त्याच्या आधी गुर्जिएफ नावाचा गुरू शिकवायचा की पृथ्वीवरचे जीव हे चंद्राचं खाद्य आहे. 1999 साली 'मॅट्रिक्स' सिनेमा आला, त्यात यंत्रं माणसांना कोंडून बॅटरीसारखी वापरतात. गोऱ्यांना ही कल्पना नवी वाटली असंल. आम्हाला ती नवी कशी वाटणार?

पुरंदर किल्ल्याची गोष्ट सांगतात. बेदरच्या बादशहाचा अंमल. बुरूज बांधला की ढासळतोय, बांधला की ढासळतोय. मग बहिरनाक सोननाकाचा पोरगा नाथनाक आणि सून देवकाई यांना जिवंत पायात गाडलं, तेव्हा बुरूज उभा राहिला. इतिहासाचे पंडित या गोष्टीचं काय करायचं ते करोत. मला त्यातला विचार दिसतो. दगडाला बळ यायला माणसाचा जीव आत कोंडावा लागतो, आणि कोंडायचा तो जीव महारवाड्यातून आणायचा. आत्म्याचं बळ खाणाऱ्यांचा तुरुंग आम्हाला आभाळात शोधायला नको. तो चुन्यात आणि घडीव दगडात होता.

पुढं माणूस पायात गाडायचं थांबलं आणि वतनात गाडायला लागलं. आमच्या मंद्रूपची आज्जी सांगायची, तिच्या सासऱ्याला हाक आली की हातातली भाकर टाकून सांगावा घेऊन सोलापूरकडं पळावं लागायचं, वाटेत सीना भरलेली असली तरी. तो आजारी असला तर पोरगा जायचा. पोरगा नसला तर घरातलं दुसरं कोण तरी. वतन म्हणजे नुसत्या माणसाची नव्हे, अख्ख्या घराची बांधिलकी. जन्माला आलास की बांधलास, मेलास की तुझ्या जागी तुझं पोर. वर पुन्हा कीर्तनकार सांगायचा, चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आलायस, मागल्या जन्मीचं पाप फेड. मागला जन्म आठवत नाही म्हणावं तर उत्तर तयार, तो आठवत नसतोच. आठवण पुसायची युक्ती त्या मोबाईलवाल्याच्या किती आधीची आहे बघा.

या तुरुंगाचं दार मंत्रानं उघडलं नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं, ते तेव्हा गेलं नाही. वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं. मधली तीस वर्षं माणसं सभा घेत होती, अर्ज लिहीत होती, मार खात होती. आज्जीचा सासरा मेल्यावर मुक्त झाला नाही. तो कागदावर मुक्त झाला, आणि त्यानंतर स्वतःच्या पायानं चालून हॉटेलात चहा प्यायला गेला.

आता त्या पोराचं सांगतो. आमच्याच रिंग खात्यात आहे, तेवीस वर्षांचा. 2021 च्या दुसऱ्या लाटेत त्याचा बाप गेला. प्लास्टिकात गुंडाळलेला देह लांबून दाखवला, तेवढंच. तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे शिरलं. लग्न नको म्हणतो, कशाला अजून एक आत्मा कोंडायला आणायचा. युनियनची वर्गणी बंद केली. मरताना उजेडाकडं पाठ कशी फिरवायची याचा रोज सराव करायचा, पगारपत्रक वाचायचं मात्र सोडून दिलं. एका रातपाळीला बॉबिनच्या पेट्यांवर बसलो असताना मला म्हणाला, "माझा बाप सुटला का बे? का पुन्हा कुठंतर ढकलला त्येला?"

आता ह्याला काय अंधश्रद्धा निर्मूलनाचं पत्रक द्यायचं? तो सिद्धांत विचारत नव्हता, बापाचा पत्ता विचारत होता.

मी त्याला जे वाचलंय ते सांगितलं. 1957 साली छापलेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच प्रश्न घेतलाय. आत्मा नावाची वस्तू बुद्धानं मानली नाही. मरण म्हणजे शरीरानं ऊर्जा निर्माण करणं थांबणं. शरीरातलं जे आहे ते मातीला माती, पाण्याला पाणी असं मिळतं, आणि ऊर्जा विश्वातल्या ऊर्जेत मिसळते. एक अख्खा आत्मा गाठोडं बांधून ह्या घरातून त्या घरात जात नाही. मी म्हणालो, "बाबा, कोंडायला आत कोणी पाहिजे ना. तुझा बाप कुठं अडकलेला नाही. त्येला आता कुणी बोलवत नाही, कुणी छळत नाही. त्येचं जे ऱ्हायलं ते तुझ्यात हाय, तुझ्या मायमध्ये हाय."

तो काही बोलला नाही. उठून साच्याकडं गेला. चार दिवसांनी मात्र स्वतःहून विचारलं, "मग आपली ऊर्जा जाते कुठं? पाळी सुटल्यावर आत कायच ऱ्हात नाही."

हा खरा प्रश्न. आम्ही दोघांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माणूस दिवसाला दोन हजार कॅलरीचं खातो. त्याची सरासरी काढली तर शंभर वॅटचा एक बल्ब. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं वीजकेंद्र आहे, 660 मेगावॅटचे दोन संच, म्हणजे 1320 मेगावॅट. तेवढ्यासाठी 1 कोटी 32 लाख माणसं कोंडावी लागतील, आणि त्यांच्या अंगातली सगळी ऊब शेवटच्या थेंबापर्यंत पिळावी लागेल. वर त्यांना भाकरी घालावी लागेल ती वेगळीच. नुसत्या हातापायाच्या कष्टाचं बघितलं तर आठ तास राबणारा मजूर अर्धा-पाऊण युनिट काम करतो. अर्ध्या युनिटासाठी आत्मे कोंडायचा धंदा कुठला शहाणा करील? कोळसा स्वस्त पडतो.

पोरगा पहिल्यांदा हसला.

म्हणजे आमच्याकडून नेतात ती ऊर्जा नव्हे. साचा विजेवर फिरतो, त्याला आमचं बळ नको. त्याला पाहिजे तुटलेला धागा ओळखणारा डोळा आणि तो क्षणात सांधणारी बोटं. आमचे तास पाहिजेत, रात्रीची झोप पाहिजे. आणि तास मोजता येतात. मोजता येतात म्हणून परत मागता येतात. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. 1946 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याचे 54 तास होते ते 48 झाले. आठवड्याला सहा तास. एका कामगाराचे वर्षाला तीनशे तास. कुठल्या बुवानं, कुठल्या मोबाईलवाल्यानं कुणाच्या आयुष्याचे तीनशे तास सोडवून आणलेत, मला दाखवा.

आणि हेच तास पुन्हा ओढायचं चाललंय. 2025 च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तसेच ठेवलेत म्हणतात. जादा तासाला दुप्पट मजुरी हा कायदा आहे. ती कुणाच्या पत्रकावर दिसते आणि कुणाच्या दिसत नाही, हे ज्याचं त्यानं बघावं. आम्ही आमचं बघितलंय, आणि खात्यातल्या अकरा जणांची पत्रकं एकत्र ठेवलीत. त्यात त्या पोराचंही आहे. मोबाईलवरचं तो अजून अधूनमधून ऐकतो. ऐकू दे.

म्हणून दोस्तांनो, तुमच्या अभ्यासवर्गात असलं एखादं पोरगं आलं तर त्याची टिंगल करू नका. त्याला जो घोर लागलाय तो त्याच्याकडून समजून घ्या, आणि मग त्याच्या शेजारी बसून वही उघडा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आपल्या माणसांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांत आपला नवा जन्म होतोय असं म्हटलंय. ती माणसं तेव्हा जिवंत होती. कपडे पांढरे, पाय धुळीचे, बरोबर पोरंबाळं. मरणाच्या पलीकडं जाऊन त्यांना कुठला उजेड चुकवावा लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, देव नदीत सोडले, पोरं शाळेत घातली. आपल्यालाही आपला जन्म इथंच, रातपाळी संपायच्या आत, मागून घ्यायचा आहे.