दळण जड लागतंय

आईचा कॉम्प्युटर सुरू व्हायला नऊ मिनिटं लागतात, हे मला भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळलं. 2025 च्या दिवाळीला साताऱ्याला गेले होते. दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, भिशीचा दिवस यांच्या मधेमधे तिच्या बारीक अक्षरात नुसते आकडे होते. 7, 8, 8, 9.

"हे काय गं?"

"तो उठायला किती वेळ घेतो ते."

तापाच्या माणसाचा ताप लिहून ठेवावा, तसं ती लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नुसती बघत बसले. आईनं बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघताच ती आत गेली. चहाचं आधण ठेवलं, तुळशीला पाणी घातलं, दारात रांगोळी काढली. रांगोळीत हळदकुंकू भरून झालं, तेव्हा कुठे पडद्यावर डोंगराचं चित्र उमटलं. मग फाइलवर दोनदा टिचकी मारून तिनं लसूण सोलायला घेतला. यंत्राच्या मंदपणाला तिनं आपल्या दिवसात जागा करून दिली होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीला करून देतात तशी. मला भरून आलं. आणि रागही आला, की वर्षभर ही बाई कुणाला बोलली का नाही.

कारण होतं. दोन वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा एका दुकानात तो दिला होता. तिथल्या मुलानं फॉरमॅट मारून परत पाठवला. यंत्र पळायला लागलं, पण आईच्या काही फायली गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून तिच्या मनात दुरुस्ती म्हणजे पुसून टाकणं, हे पक्कं बसलं. मंद असू दे, पण आहे ते राहू दे. कॉम्प्युटरबद्दल अशी भीती बाळगून गप्प राहणारी माणसं घरोघर आहेत, आणि ती भीती खोटी नाही. फॉरमॅट हा अगदी शेवटचा उपाय आहे. पहिल्याच झटक्याला तो करणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा म्हणणार नाही.

आईच्या फायलींत ओव्या आहेत. निवृत्त झाल्यावर तिनं वाई आणि जावळीकडच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. आधी वहीत, मग 2013 साली हे यंत्र घेतल्यावर त्यात. सुरुवातीच्या ओव्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये आहेत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. या यंत्रावरच त्या वाचता येतात. त्यामुळे "जुना झाला, नवा घे" असं कुणी म्हणालं की आई विषय बदलते.

जुना झाला, हे निदानच नव्हे. यंत्र मंद होतं म्हणजे ते कशाची तरी वाट बघत असतं. कशाची, एवढंच शोधायचं.

मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर सहा टक्के, म्हणजे जवळजवळ हात बांधून बसलेला. चार जीबीची रॅम काठोकाठ भरलेली. आणि डिस्क शंभर टक्के.

त्या वेळी काय चाललेलं असतं ते सांगते. आईचा प्रोसेसर सेकंदाला तीनशे तीस कोटी ठोक्यांनी चालतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते. कुठलीही माहिती हवी असली की वाचणारा हात त्या वर्तुळावर सरकणार, मग नेमकी जागा फिरत फिरत हाताखाली येईपर्यंत थांबणार. दोन्ही मिळून साधारण बारा-तेरा मिलिसेकंद. आपल्याला ते जाणवणारही नाही. पण प्रोसेसरच्या एका ठोक्याला एक सेकंद मानला, तर डिस्ककडून एक चिठ्ठी यायला त्याला सव्वा वर्ष थांबावं लागतं. रॅम भरली की वरकड सामान डिस्कवरच नेऊन ठेवतात, म्हणजे त्याच एका हातावर आणखी हेलपाटे.

सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्राम मोजले, चौदा निघाले. त्यातला एक प्रिंटरचा. तो प्रिंटर बाबा गेल्यावर आम्ही शाळेला देऊन टाकला होता. पण त्याचा प्रोग्राम रोज सकाळी उठून त्याला हाक मारत होता. मी माउस हातात धरून थोडा वेळ तशीच थांबले, मग तो बंद केला. अँटिव्हायरस दोन होते. एकानं उघडलेली फाइल दुसरा तपासायचा. एक काढून टाकला. नऊची सहा मिनिटं झाली.

मग पेटी उघडली, जिला सगळे सीपीयू म्हणतात. प्रोसेसरच्या पंख्यावर करड्या धुळीची गोधडी बसली होती. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणच वेग उतरवतो. पंखा बोटानं धरून रंगाच्या कोरड्या ब्रशनं ती धूळ काढली. रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं हलक्या पुसल्या, शेजारच्या खाचेत आणखी चार जीबीची बसवली. साडेचार मिनिटं. आई दारात उभी होती. "त्याला काही होणार नाही ना?" हे तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

झाकण उघडं होतं म्हणूनच तो आवाज ऐकू आला. टक्, टक्, मग एक दीर्घ घरघर, परत टक्. मी कान जवळ नेला. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथे पुन्हा पुन्हा वाचून बघते. एकदा, दहादा, शंभरदा. तोवर बाकी सगळं खोळंबतं. स्वतःच्या दुखण्याची नोंद डिस्क स्वतःजवळ ठेवते. ती उघडली, तर जागा बदलून दिलेल्या खराब कप्प्यांचा आकडा वाढत चालला होता. धूळ, रॅम, चौदा प्रोग्राम, ही सगळी वरवरची. दुखणं हे होतं.

आजीच्या घरी, जावळीत, जातं होतं. दळताना वरच्या तळीचा आवाज बदलला की आजी थांबायची. दाणे वैरणारा हात तसाच अधांतरी ठेवून म्हणायची, "दळण जड लागतंय, टाकी लावायला हवी." दगड घासून गुळगुळीत झाला की दाणा नुसता सरकतो, भरडला जात नाही. मग टाकी लावणारी बाई यायची, उन्हात दोन्ही तळ्या उलट्या मांडायची आणि छिन्नीनं एकेक टोचा मारत बसायची. खडीची बारीक पूड उडायची. जातं म्हातारं झालं असं मी आजीच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तिला हाताला जे लागलं, तेवढंच ती सांगायची. आईला ते कॅलेंडरवर लिहायची सवय कुठून आली, हे मला त्या पेटीपाशी बसल्यावर कळलं.

फिरत्या तबकडीला मात्र टाकी लावता येत नाही. अशा वेळी लोक डिस्क तपासणारे, नीट लावून देणारे प्रोग्राम चालवत बसतात. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते करू नये. एकेक फेरा मोजून उरलेला असतो. आधी कॉपी, बाकी सगळं नंतर. त्या रात्री मी पेन ड्राइव्हवर फक्त ओव्यांच्या आणि फोटोंच्या फायली उतरवल्या, आणि यंत्र बंद केलं.

भाऊबीजेनंतर पुण्याला जाऊन बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून एक एसएसडी आणली. हातात धरली तर विड्याच्या डबीहून पातळ. आत काहीच फिरत नाही. सगळी माहिती चिपमध्ये, त्यामुळे कुठलीही जागा गाठायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, फाँटसकट, तिच्यावर उतरवायची होती. खराब जागा आली की टक्केवारी अडायची. एकसष्टवर अर्धा तास अडली. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती, दवाखान्याबाहेर बसतात तशी, मांडीवर हात ठेवून. पाच तास लागले. सगळं आलं.

विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावरच संपली होती, आणि पुढच्या विंडोजला हा प्रोसेसर चालत नाही. नोंदणी करून सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळवल्या. तेवढ्यात जुन्या फाँटमधल्या ओव्या युनिकोडमध्ये आणायच्या, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. तो जुना फाँट हाच खरा धोका आहे, डिस्कपेक्षा मोठा.

सकाळी आईनं बटण दाबलं आणि सवयीनं आत वळली.

"आई, थांब."

तिनं मागे बघितलं. पंचवीस सेकंदही झाले नव्हते, डोंगर समोर होता. तिनं आधी पेटीला कान लावला. "आवाजच येत नाही गं. चालू आहे ना?"

मी ओव्यांची फाइल उघडून दाखवली. ती बसली, चष्मा पुसला, अर्ध्यावर राहिलेली ओळ शोधली. मग वही माझ्या हातात दिली. पानं पिवळी पडलेली, पेन्सिलीची अक्षरं काही ठिकाणी उडालेली. मी एकेक ओवी वाचायची आणि तिनं दोन बोटांनी टाइप करायची, असं सुरू झालं. अक्षर दाबलं की लगेच उमटत होतं. आत आधण ठेवायचं राहून गेलं होतं, उन्हं खिडकीतून टेबलावर आली होती. एका ओवीत बाई माहेरच्या वाटेचं सांगत होती, तिथे माझा आवाज जरा अडला.

आईनं कीबोर्डवरून नजर न काढता म्हटलं, "झाली ती. पुढची वाच."