पत्रा फुटावर की किलोवर?

"वहिनी, पत्रा काय किलोवर घेतात का?" दुकानदार चार गिऱ्हाइकांसमोर असं म्हणाला आणि ती सगळी हसली. ते मला अजून बोचतं.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मागीलदारची कौलारू कोठी त्यातच गेली. तो पावसाळा ताडपत्रीवर काढला आणि दिवाळीनंतर लोखंडी शेड घालायची ठरवली. यजमान नोकरीला मुंबईत, त्यामुळे खरेदी माझ्याकडे.

खाऱ्या हवेत टिकेल असा, जस्त-ॲल्युमिनियमचा थर दिलेला रंगीत पत्रा हवा आणि जाडी अर्धा मिलिमीटर, असं स्पष्ट सांगून पैसे भरले. टेम्पोतून माल उतरवताना तो हाताला हलका लागला. सुपारीची पोती तोलायचा काटा घरातच आहे, एक पत्रा त्यावर ठेवला. हिशोब शाळेतला आहे. एक मिलिमीटर जाडीचं एक चौरस मीटर पोलाद 7.85 किलो भरतं, अर्ध्या मिलिमीटरचं त्याच्या निम्मं. आमचा पत्रा 12 फुटी, पन्हळी उलगडल्या तर रुंदी 4 फूट, म्हणजे जवळजवळ साडेचार चौरस मीटर. साडेसतरा किलोच्या आसपास भरायला हवा होता. काटा चौदापर्यंतही गेला नाही.

मी तशीच दुकानात गेले, तेव्हा ते किलोचं वाक्य ऐकवलं गेलं. पुढे म्हणे, "कलरसकट पॉइंट पाच असतो, सगळीकडे हेच चालतं." रंग आणि त्याखालचा थर दोन्ही मिळून मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा होत नाही, आणि रंगालाही वजन असतंच की! मग उरलेलं लोखंड कुठे गेलं? बिलावर फक्त "कलर पत्रा, 12 फूट" आणि नग. जाडीचा आकडाच नाही, तर भांडायचं कशाच्या जोरावर? कापलेला माल परत होत नाही, हे शेवटचं उत्तर.

मला चीड आहे ती याची. कारखान्यातून पत्र्याची गुंडाळी टनाच्या भावाने निघते. व्यापारी वजनावर घेतो आणि आमच्या दारात तोच माल फुटावर येतो. वादळात ज्यांची छपरं उडाली, त्यांनी मिळेल तो पत्रा मिळेल त्या भावाने नेला. तेव्हा वजन करत बसायला कुणाला सवड होती?

असं असूनही सांगायला हवं की ती शेड उभी आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा शेजारच्या काकांचे जाड पत्रे उडाले आणि आमचा एकही हलला नाही. त्यांचे हुक लांब लांब होते आणि पुढची बाजू उघडी, त्यामुळे वारा आत शिरला आणि त्याने छप्पर खालून उचललं. आमच्या वेल्डरने खांब काँक्रीटच्या पायात बोल्टने आवळले होते, कडेला आणि वळचणीला रबरी वॉशरचे स्क्रू जवळजवळ मारले होते आणि दार घट्ट बसवलं होतं. जाडीसाठी मी एवढी भांडले, पण आज कुणी विचारलं तर आधी बांधणी बघा, असंच सांगेन. म्हणून दुकानदाराचं खोटं खरं होत नाही.

आमच्या भागासाठी आणखी एक. सुपारीच्या फवारणीचा मोरचूद शेडमध्ये कालवू नका. त्याचं पाणी जस्ताचा थर खातं. खताची पोती पत्र्याला टेकवू नका, ओला चुना किंवा सिमेंट त्याला लागू देऊ नका. वेल्डिंगच्या जागी थर जळतो, तिथे त्याच दिवशी रंग लावून घ्या. गंज आधी तिथेच धरतो.

आणि पत्रा घ्यायला जाल तेव्हा रंग सोडून नुसत्या लोखंडाची जाडी बिलावर लिहून मागा, एक पत्रा समोर तोलायला लावा. दुकानदार हसला तर हसू द्या. लिहून देत नसेल तर पैसे देऊ नका.