एकच गाणं, दोन वेळा





या पानावर मी एरवी अभ्यास, शिस्त आणि वाचन यांबद्दल लिहिते. या वेळी एका इंग्रजी गाण्याबद्दल लिहिणार आहे. अमेरिकेतल्या 'ईगल्स' या रॉक बँडचं ते गाणं म्हणजे 'हॉटेल कॅलिफोर्निया'. तुमच्या आई-बाबांपैकी किंवा काका-मामांपैकी कोणीतरी ते नक्की ऐकलं असेल. गिटार शिकणारी मुलं तर कधी ना कधी त्याच्या मागे लागतातच.

माझं सगळं शिक्षण हिंदी माध्यमातून झालं आणि घरी मराठी होती. इंग्रजी फक्त परीक्षेपुरतं. मी कॉलेजात असताना दादानं राजवाड्याजवळच्या दुकानातून या गाण्याची कॅसेट आणली, तेव्हा मला शब्द काही म्हणजे काही समजले नाहीत. पण शब्द समजत नसले की कान बाकी सगळं नीट ऐकतो. सुरुवातीला एकटी गिटार कशी येते, ढोल केव्हा येतो आणि गाणारा थांबल्यावर शेवटची दोन मिनिटं दोन गिटारी एकमेकींशी कशा बोलतात, हे सगळं मला पाठ झालं होतं. गाण्याचा अर्थ पुष्कळ वर्षांनी, शब्दकोश घेऊन बसल्यावर कळला.

ते होतं स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं, १९७६ सालचं गाणं. पुढे १९९४ साली याच बँडनं ते प्रेक्षकांसमोर वाजवलं आणि त्याचीही कॅसेट निघाली. दादानं तीही आणली. मग दोन्ही लागोपाठ ऐकायची मला सवयच लागली.

आधी स्टुडिओतल्या गाण्याबद्दल. हे साडेसहा मिनिटांचं गाणं सहज झालेलं नाही. चाल बँडमधले गिटारवादक डॉन फेल्डर यांची. पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं तेव्हा पट्टी चुकली. गाणारे डॉन हेन्ली यांच्या गळ्याला ती फार उंच होत होती. तेव्हा गायक बदलला नाही, पट्टी बदलली, आणि सगळं पुन्हा वाजवलं. मनासारखं गाणं उतरलं ते तिसऱ्या खेपेला, मायामीच्या स्टुडिओत. निर्माते बिल सिम्झिक यांनी नंतर सांगितलं, की त्या वेळी चांगल्या झालेल्या वेगवेगळ्या भागांची टेप ब्लेडने कापून ती तेहतीस ठिकाणी जोडली होती. ऐकताना एकही जोड कळत नाही.

फेल्डर यांनीही एक गमतीची गोष्ट सांगितली आहे. मायामीत ते आणि दुसरे गिटारवादक जो वॉल्श शेवटचा भाग त्या क्षणी सुचेल तसा वाजवू लागले. हेन्लींनी त्यांना थांबवलं. फेल्डर यांनी चाल बांधताना घरी जी नमुन्याची कॅसेट केली होती, तिच्यात होतं तसंच हवं, असा त्यांचा हट्ट. कॅसेट तर हजारो मैलांवर, कॅलिफोर्नियातल्या घरी! शेवटी घरी फोन केला, तिथे घरकाम सांभाळणाऱ्या बाईंनी कॅसेट शोधून लावली आणि फोन टेपरेकॉर्डरजवळ धरला. तो सूर ऐकून, शिकून त्यांनी मग वाजवलं. स्वतःचीच रचना पुन्हा शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता १९९४ सालचं गाणं. १९८० साली बँड फुटला होता. मधे चौदा वर्षं गेली. ही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि अमेरिकेतल्या बर्बँक इथे निवडक श्रोत्यांसमोर बसली. या वेळी विजेच्या गिटारी बाजूला ठेवून साध्या लाकडी गिटारी घेतल्या होत्या. सुरुवात तर पूर्ण नवी. फेल्डर नायलॉनच्या तारांवर स्पॅनिश ढंगाचं काहीतरी वाजवतात. श्रोते शांत, कारण कोणतं गाणं येतंय याचा पत्ता नाही. मग हळूच ती ओळखीची स्वरावली येते आणि एकदम गलका होतो. टेपवर तो आवाज ऐकला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. स्टुडिओतल्या गाण्यात हे मिळणार नाही, कारण तिथे ओळखणारं कोणी बसलेलंच नसतं.

दोन फरक आणखी सांगते. विजेच्या गिटारीवर सूर लांबवर टिकतो. लाकडी गिटारीवर तो लगेच विरतो, म्हणून प्रत्येक सूर बोटानं नव्यानं द्यावा लागतो, लपायला जागा नसते. दुसरा फरक शेवटाचा. स्टुडिओतलं गाणं संपत नाही, गिटारी वाजत असतानाच आवाज हळूहळू कमी केला जातो. मंचावर तसं करता येत नाही. तिथे सगळ्यांना मिळून समेवर यावं लागतं.

आपल्याकडच्या मैफलीशी याची तुलना मनात येतेच. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. पण मैफलीत गवई बसला की तोच राग तासभर चालायचा आणि रोज नवा व्हायचा. तबकडीतल्या ताना जशाच्या तशा घेतल्या असत्या, तर आपण नाराज झालो असतो. या गाण्याचं उलट आहे. शेवटची गिटार श्रोत्यांना तोंडपाठ असते, ती तशीच यावी लागते. १९९४ साली ती जवळपास तशीच आली, वाद्यं मात्र बदललेली. अठरा वर्षांपूर्वी फोनवरून ऐकून घटवलेलं काम उपयोगी पडलं.

आणि 'लाइव्ह' म्हणजे सगळं खरं, असंही समजू नका. याच बँडच्या १९८० सालच्या 'ईगल्स लाइव्ह' या संचातले बरेच सूर नंतर स्टुडिओत दुरुस्त केले होते. तेव्हा आपसांत इतकं बिनसलं होतं, की काही जण मायामीत आणि काही लॉस एंजिलिसमध्ये बसून हे काम करत होते.

हे सगळं आज लिहायला एक कारण आहे. आपल्या स्नेहसंमेलनातलं समूहगीत आधी रेकॉर्ड करून लावावं आणि मुलांनी मंचावर फक्त ओठ हलवावेत, अशी सूचना आली आहे. व्हिडिओ घरोघरी जातो, तो चांगला दिसावा, ही त्यामागची भावना मी समजू शकते. आठवीतल्या काही मुलांचा आवाज सध्या फुटतोय. ती बेसूर होतील, त्यांना मागच्या रांगेत उभं करावं, असंही सुचवलं गेलं.

मला स्टुडिओचा राग नाही. तेहतीस जोड देणाऱ्यांची मेहनत मी वर सांगितलीच. पण त्या तेहतीस तुकड्यांत वाजवणारे हात त्यांचेच होते. ओठ हलवणाऱ्या मुलाचं त्या गाण्यात काय असेल? घरी जाऊन तो आजीला काय सांगेल?

म्हणून ठरवलं आहे, की समूहगीत मुलं स्वतः गातील, सगळी गातील. आवाज फुटणाऱ्यांसाठी संगीताच्या सरांना पट्टी खाली घ्यायला सांगितलं आहे. जे हेन्लींसाठी करता येतं ते आपल्या मुलांसाठीही करता येईल. उद्यापासून मधल्या सुट्टीनंतर रोज अर्धा तास तालीम होईल आणि तिला दांडी चालणार नाही. एवढं करूनही एखादा सूर हलला, तर हलू द्या.

पालकांना एकच विनंती. कार्यक्रमाला वेळेवर या आणि मुलं गात असताना मोबाईल खाली ठेवा. ती मंचावरून तुमचे चेहरे शोधत असतात.

आपली,
प्राचार्या