कुवेतचे डॉक्टर आणि आफ्रिकेतले यतीम

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत कुवेत म्हणजे दरमहा येणारे पैसे आणि सुट्टीवर येणाऱ्या माणसाची वाट. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता भाच्याकडे फहाहीलला पंधरा दिवस राहून आलो. मुबारकियाच्या जुन्या बाजारात खजूर आणि ऊद घेतला, समुद्रकाठचे कुवेत टॉवर्स पाहिले. पण त्या शहराची खरी ओळख आम्हाला झाली ती मरहूम डॉ. अब्दुर्रहमान अल-सुमैत यांच्या कार्यामुळे.

डॉक्टरसाहेबांचा जन्म १९४७ चा, कुवेतचाच. बगदादला डॉक्टरी शिकून पुढे इंग्लंड-कॅनडात उच्च शिक्षण घेतले. मायदेशी मानाचे आयुष्य समोर होते. तरी १९८१ मध्ये त्यांनी आफ्रिकेतल्या गरिबांसाठी मदतकार्याची सुरुवात केली. आरंभ लहानसा, मलावी या गरीब देशापासून. पुढे तीच संस्था 'अल-औन अल-मुबाशिर', म्हणजे 'थेट मदत' या नावाने ओळखली जाऊ लागली. अनेक देशांत विहिरी, दवाखाने, शाळा आणि यतीम मुलांचा सांभाळ असे काम उभे राहिले.

पैसे पाठवून ते थांबले नाहीत. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरील मानाकारा भागात पत्नीसह जाऊन राहिले. तिथल्या अंतेमोरो लोकांकडे 'सोराबे' नावाची जुनी हस्तलिखिते आहेत. भाषा मालागासी, लिपी मात्र अरबी. उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला हे वाचून दूरचे नातेवाईक सापडल्यासारखे वाटले. १९९६ मध्ये डॉक्टरसाहेबांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. ती रक्कमही त्यांनी आफ्रिकन मुलांच्या शिक्षणासाठी दिली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

भाच्याच्या खोलीवर एका जुम्याला हाच विषय निघाला. तिथली सहा मुले रत्नागिरी-रायगडकडची. कुणी ड्रायव्हर, कुणी इलेक्ट्रिशियन. आफ्रिकेतल्या यतीम मुलांसाठी आपणही छोटे मंडळ काढू, सगळ्या बिल्डिंगमधून वर्गणी घेऊ, असा त्यांचा बेत होता. भाच्याने सावध केले, "भाई, इथे परवानगीशिवाय चंदा गोळा करणे गुन्हा आहे. नेकी करायला जाऊन नोकरी जाईल."

मग एक जण आम्हाला म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा, काय करावं?"

आम्ही विचारले, "पाच वर्षांचे मूल हाती घेतले, तर त्याची दहावी होईपर्यंत किती वर्षे?"

सगळे गप्प झाले. त्यांचे करार दोन-दोन वर्षांचे. वडील गेलेल्या मुलाची फी आपल्या भरवशावर सुरू व्हावी आणि आपला व्हिसा संपताच बंद पडावी, हे त्या पोराला दुसऱ्यांदा यतीम करण्यासारखेच.

तासभर बोलून ठरले ते असे: बाहेरून एक फिल्सही घ्यायचा नाही. प्रत्येकाने स्वतःच्या पगारातूनच द्यायचे, तेही सरकारमान्य संस्थेत, बँकेतून, पावती घेऊन. सहा मुले नव्हे, सहा जणांत मिळून एकच मूल घ्यायचे. एक जण गावी परतला तरी उरलेले पाच जण त्याचा वाटा उचलतील. मुलाची आई हयात असेल, तर मदत अशी हवी की मूल तिच्याजवळच राहील. आणि दरवर्षी त्याच्या शाळेचा निकाल मागवायचा.

मंडळाला नाव दिलेले नाही. हिशेबाची वही भाच्याकडे आहे आणि पहिल्या पानावर सहा सह्या आहेत.