निळे म्हणजे मेलेले

मिलवॉकीतलं आमचं बीअरच्या सामानाचं दुकान बंद झालं. शेवटच्या आठवड्यात फ्रिजमधली यीस्टची पाकिटं निम्म्या किमतीला काढली होती. तारीख उलटलेली तर फुकटच. मी मूठभर उचलली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मेली असतील ही. बघू, म्हटलं, आणि येताना माशांच्या दुकानातून मिथिलीन ब्लूची बाटली घेतली. माशांचं औषध म्हणून ते तिथे सहज मिळतं.

मेलेलं यीस्ट ओळखायला मी फार लहानपणी शिकले आहे.

नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत माझे वडील, अण्णा, केमिस्ट होते. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन गेलं की लॅबमधल्या उंच स्टुलावर मला बसवत. काचपट्टीवर यीस्टचा एक थेंब, त्यात मिथिलीन ब्लूचा एक, वर पातळ काच. "मोज. निळे म्हणजे मेलेले." जिवंत पेशी आत शिरलेल्या निळ्याचा रंगच घालवून टाकते, मेलेलीला ते जमत नाही. एखादीला कळी फुटलेली असे. कळी आईच्या निम्म्याहून लहान असली तर वेगळी धरायची नाही, हा नियम. शेजारी मळीची टाकी, वर पत्र्याचं छत, सगळीकडे तो आंबट-गोड, घशाला चिकटणारा वास.

अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, आणि हाताखाली अल्कोहोलच्या टाक्या. थेंब कधी चाखला नाही. कॉलनीत त्यावरून थट्टा चाले. त्यांच्या लेखी काम यीस्टचं होतं; पुढे त्याचं काय होतं ते एक्साइजवाल्यांनी बघावं.

लग्नानंतर इथे आले तेव्हा मेनोमनीच्या खोऱ्यात रेड स्टारचा यीस्टचा कारखाना चालू होता. हायवेवरून जाताना गाडीची काच खाली होती आणि एकदम अण्णांच्या लॅबचा वास आला. बेकरीचं यीस्टही मळीवरच वाढवतात, हे मला नंतर कळलं. नवऱ्याने नाक मुरडून काच वर केली. ते मी अजून विसरलेले नाही. घरी बीअर करायचा नाद त्याच्या नाकावर टिच्चून लागला असावा. गावाकडे असलं काही घरात करणं म्हणजे दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. इथे १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केल्यापासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे.

पहिल्या वेळी मी अण्णांनाच फोन लावला. कशासाठी करतेस, हे त्यांनी विचारलंच नाही.

"गार किती केलंस?"

"अठरा अंश."

"अठरा? आमच्याकडे बत्तीस असतं. थंडीने आखडेल ना ते!"

बीअरला ऊब जास्त झाली तर केळ्याचा नाही तर थिनरचा वास येतो, चव बिघडते, असं मी सांगितलं. "अच्छा, चवीसाठी," म्हणून ते हसले. चव हे मोजमाप त्यांच्या वहीत कधी नव्हतंच. मग मात्र सगळं नीट सांगितलं. सुकं यीस्ट मनुकेसारखं सुरकुतलेलं असतं, पहिली काही मिनिटं त्याच्या पेशीला काय आत घ्यावं आणि काय नको हे कळत नाही. म्हणून ते थेट साखरेच्या पाण्यात टाकायचं नाही. वजनाच्या दहापट साधं पाणी, पस्तीस अंशांच्या आसपास, त्यावर भुरभुरायचं आणि पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मग थोडाथोडा वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, त्यात घालत तापमान उतरवत आणायचं. दोन्हींच्या तापमानात फार अंतर नको. वर्टमध्ये हवा खेळवून घ्यायची, कारण पेशीला नवं पटल बांधायला प्राणवायू लागतो. नंतर मात्र हवा शत्रू.

हल्ली काही उत्पादक पाकिटावरच लिहितात, सरळ वरून भुरभुरा. खरं असेल त्यांचं. बीअर तशीही होते. मला ते बघवत नाही.

यीस्टला असं जिवंत धरून चाललं की लीबिगबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १८३७ च्या आसपास कान्यार-लातूर, श्वान आणि क्यूटसिंग या तिघांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की यीस्ट सजीव आहे. त्यावर १८३९ मध्ये लीबिग आणि व्होलर या दोन बड्या रसायनशास्त्रज्ञांनी नाव न घालता एक टवाळी छापली : म्हणे यीस्ट हे सोंडेने साखर पिणारे बारके प्राणी, मागून अल्कोहोल टाकतात आणि मूत्राशयातून कार्बॉनिक ॲसिड. पाश्चरने पुढे वाद मिटवत आणला तरी लीबिगने शेवटपर्यंत पुरती मान तुकवली नाही. आणि याच माणसाच्या नावाचा कंडेन्सर मी अण्णांच्या लॅबमध्ये मन लावून धूत असे! फोनवर मी फणफणले तेव्हा अण्णांनीच त्याची बाजू घेतली. "अगं, बुखनरने १८९७ ला पेशी चिरडून नुसत्या रसाने साखर आंबवली. म्हणजे लीबिग अगदीच चुकला नव्हता. आणि पिकाला खत कसलं लागतं ते त्यानेच शिकवलं."

तारीख उलटलेल्या पाकिटांतल्या बऱ्याच पेशी बिनरंगी निघाल्या. त्यांची मी स्टाउट केली. काळीकुट्ट. माल्ट भाजताना साखर आणि प्रथिनं मिळून जो गडद रंग होतो, त्यातला मोठा भाग मेलॅनॉइडिनचा. यीस्ट त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर बीअर काळी राहते. डिस्टिलरीत अल्कोहोल काढून उरलेल्या पाण्याचा, स्पेंट वॉशचा, रंगही त्याच कुळातला. अल्कोहोलच्या १ लिटरमागे तो १० ते १५ लिटर निघायचा. आमच्या कॉलनीमागचा ओढा पावसाळा सोडला तर त्याच रंगाचा होता, आणि ओढ्याकडेच्या विहिरींचं पाणी पिवळं. तिकडची माणसं अण्णांशी बोलायची ती कामापुरतीच. घरात हा विषय निघत नसे.

पहिली स्टाउट केली तेव्हा मी रंगाचं हे सगळं अण्णांना सांगत सुटले होते. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "उरलेलं कुठे टाकतेस?"

धान्याचा चोथा शेजारणीच्या कोंबड्यांना, बुडाचं यीस्ट कंपोस्टमध्ये.

"आणि धुतलेलं पाणी?"

"सिंकमध्ये."

"तिथून?"

शोधून दोन दिवसांनी परत फोन केला. मिलवॉकीचं सांडपाणी जोन्स आयलंडला जातं. तिथे जिवाणू ते खातात, मग त्या जिवाणूंचा गाळ वाळवून खताच्या गोण्या भरतात. १९२६ पासून मिलॉर्गनाइट नावाने विकतात.

"म्हणजे खतच," अण्णा म्हणाले, आणि लगेच, "वाळवतात किती अंशांवर?"