पिवळा अदोबो

प्रोजेक्टसाठी मनिलाला निघालो तेव्हा आईची पहिली काळजी होती, "तिथं जेवायचं काय करणार?" आम्ही कोल्हापूरचे. रविवारची कोंबडी म्हणजे तांबडा, पांढरा आणि सुकं. यातलं एक जरी कमी पडलं तर बाबा ताटाकडे असे बघतात, की जणू कुणीतरी त्यांचा अपमान केलाय. त्यामुळे टीममधल्या मैत्रिणीने पहिल्यांदा केसोन सिटीतल्या घरी जेवायला बोलावलं आणि तिच्या आईने समोर तिनोला ठेवला, तेव्हा मला वाटलं यांच्या घरात कुणीतरी आजारी असणार.

तिनोला म्हणजे आलं, लसूण, कांदा परतून त्यात कोंबडी, पाणी, पातिस नावाचं माशाचं खारट पाणी, कच्च्या पपईच्या फोडी आणि शेवटी मूठभर हिरवा पाला. तिखट नाही, मसाला नाही. पाला मात्र ओळखीचा वाटला. नाव विचारलं तर म्हणाली, मालुंगाय. फोनवर शोधलं तर शेवगा! आमच्या परसात शेवगा आहे. शेंगा आमटीत जातात, पाल्याची भाजी होते, पण तो कोंबडीत घालावा असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

मैत्रिणीने सांगितलं की होसे रिसालच्या 'नोली मे तांगेरे' या १८८७च्या कादंबरीत एका मेजवानीत तिनोला येतो. एका पाद्र्याच्या वाट्याला त्यातली मान आणि चिवट पंख येतो आणि त्याचं डोकं फिरतं. ही कादंबरी तिथे सगळ्यांना शिकावीच लागते. कोंबडीचा कुठला तुकडा कुणाच्या ताटात पडला यावरून घरातलं राजकारण कळतं, हे कळायला आम्हा कोल्हापूरकरांना कादंबरी लागत नाही.

मैत्रिणीच्या आईला मी तिता म्हणतो. मावशी, आत्या, मित्राची आई, सगळ्यांना हाच शब्द चालतो. दारात गेल्यावर वडीलधाऱ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा. वाकून नमस्कार करायची सवय असलेल्याला हे जमायला वेळ लागत नाही. आणि मग प्रश्न येतो, "कुमाइन का ना?" म्हणजे जेवलास का? उत्तर काहीही दिलं तरी भात वाढला जातो.

महिन्यातले दोन-तीन रविवार मी तिथे जाऊ लागलो. त्या घरात अदोबोची दोन भांडी असतात, हे लक्षात यायला मला बरेच रविवार लागले.

अदोबो हे नाव स्पॅनिश, पदार्थ मात्र त्यांच्या आधीचा. स्पॅनिश लोकांनी व्हिनेगरमध्ये शिजवायची ही स्थानिक पद्धत पाहिली आणि आपल्याकडच्या मुरवणाचं नाव तिला देऊन टाकलं. १६१३च्या तगालोग शब्दकोशात तशी नोंदही आहे. फ्रिज नसलेल्या दमट मुलखात मांस टिकवायचं तर आंबट आणि खारट हवंच. तिताचा अदोबो काळा: व्हिनेगर, सोया सॉस, अख्खा गड्डा लसूण, तमालपत्र, काळी मिरी, चमचाभर साखर. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर कच्चा वास राहतो, हा नियम. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. हे आपल्या रश्श्यालाही लागू आहे.

दुसरं भांडं पिवळं. ते मैत्रीण स्वतः करते. सोया सॉस नाही, त्याऐवजी हळद. ही बातांगासकडची पद्धत. तिची लोला, म्हणजे वडिलांची आई, तिकडची. तिता हाँगकाँगला घरकामाला गेली तेव्हा मैत्रीण सहा वर्षांची होती. परत आली तेव्हा बावीसची. सोळा वर्षं तिता दुसऱ्यांच्या मुलांसाठी स्वयंपाक करत होती आणि इथे लोला पिवळा अदोबो करत होती. तिता कायमची परतली त्याच्या आदल्याच वर्षी लोला गेली.

भांडण असं कधी होत नाही. मैत्रीण फक्त काळ्या भांड्यात चमचा घालत नाही.

एकदा भांडी घासताना तिताने मला विचारलं, "आईला भेटून किती दिवस झाले?" दोन वर्षं झाली होती. मी म्हणालो, "पण रोज व्हिडिओ कॉल करतो."

"मीही करायचे," तिता म्हणाली आणि पातेल्यातलं पाणी ओतून दिलं.

मी त्यानंतर बराच वेळ एकच ताट पुसत उभा होतो. दर महिन्याला पैसे पाठवतो, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ऑनलाइन बुक केलं, वगैरे यादी मनात तयार होती. तिताकडेही अशी यादी असणारच. घराचं छप्पर, मुलीची फी.

पुढच्या रविवारी मैत्रीण ऑफिसच्या कामात अडकली होती. मी लवकर पोचलो तर तिता ओट्याशी उभी, हाताची बोटं पिवळी. पिवळा अदोबो चालला होता. मला चमचा देऊन म्हणाली, "तुम्ही लोक हळद रोज खाता. सांग." हळद कच्ची लागत होती आणि जरा जास्तच पडली होती. मी तसं सांगितलं. तिने आच वाढवली, थोडं व्हिनेगर घातलं आणि आम्ही दोघे न ढवळता उकळीची वाट बघत उभे राहिलो. लोलाचा अदोबो मी कधी चाखला नव्हता आणि तिताने चाखला त्याला वीसएक वर्षं झाली होती.

मैत्रीण आली, हात धुतले, जेवायला बसली. टेबलावर एकच भांडं होतं. तिने आईकडे पाहिलं नाही. भातावर रस्सा घेतला, दोन घास खाल्ले.

"लोला लसूण ठेचायची," ती म्हणाली. "चिरायची नाही."

"बरं," तिता म्हणाली.

मैत्रिणीने परत भात घेतला, आणि चमच्याने शोधून पायाचा तुकडा काढला. तो तिने आईच्या ताटात ठेवला की स्वतःच्या, हे मी बघणार एवढ्यात फोन वाजला. आईचा होता. घरी रविवारची जेवणं उरकली असतील, अशी वेळ.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"जेवतोय," मी म्हणालो. "आई, दिवाळीला येतोय. शेवग्याला पाला आहे ना?"

"पाला? पाला कशाला?"

"कोंबडीत घालायला."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तिने बाबांना हाक मारली.