बाळंतिणीचा पट्टा

गेल्या पावसाळ्यात जाम नदीपलीकडे सावरगावास एका नवजात बालकाला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. बाळाची आई बाजेवर बसली होती. बाळंतपणाचा नववा दिवस. पोटाला बाजारातून आणलेला रुंद पट्टा इतका करकचून आवळलेला, की बोलताना तिला मध्येच श्वासासाठी थांबावे लागे. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "पोट बांधलं नाही तर वारा भरते, फादर. आम्ही लुगडं फाडून बांधत होतो, आता पट्टा भेटते." आणि लगेच कौतुकाने : "पट्टा हाय म्हणून कालपासून पाण्याचे गुंडही उचलून राहिली."

ते शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना.

असला विषय धर्मगुरूच्या लेखणीस शोभत नाही, असे कोणास वाटेल. परंतु माझ्या स्वतःच्या आईने धाकट्या भावाच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी, पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून, कापूस वेचणीस जाणे सुरू केले होते. पुढे तिचे अंग बाहेर येऊ लागले. ते दुखणे तिने अकरा वर्षे लपविले. मी त्या वेळी सेमिनरीत होतो. मला ते कळले तिच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. ही लाज अजूनही पुष्कळ घरांत आहे, म्हणून लिहितो.

पोट बांधण्याची रीत अडाणी नव्हे. प्रसूतीनंतर पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेढावे, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे, आणि कारणही वायूचेच दिले आहे. सावरगावच्या आजीबाई फार जुन्या परंपरेतून बोलत होत्या.

आजचे वैद्यकशास्त्र निराळे कारण सांगते. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस उभे स्नायू असतात. त्यांना जोडणारा पडदा गर्भ वाढताना ताणला जातो व स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. बहुतेक स्त्रियांत ही फट पहिल्या काही आठवड्यांत बरीच भरून येते. तोवर पट्टा आधार देतो. उठताबसता, खोकताना, विशेषतः सिझेरियनच्या टाक्यांवर, कोणी हात धरून ठेवावा तसे वाटते. एवढेच त्याचे काम. स्नायूंना बळ त्याने येत नाही. त्यासाठी उताणे निजून, गुडघे वाकवून, श्वास सोडताना बेंबी हलकेच आत ओढावी. उठायचे तर कुशीवर वळून उठावे.

फार आवळलेला पट्टा मात्र पोटातील दाब खाली ढकलतो, आणि तेथे तर गर्भाशय व मूत्राशय पेलणारे स्नायू प्रसूतीने आधीच सैल पडलेले असतात. त्यावर भरलेला गुंड उचलला, की काय होते ते मी घरी पाहिले आहे. पट्ट्यात बोटे सरकावीत, श्वास पूर्ण घेता यावा, जेवताना व झोपताना तो सोडावा. सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांस विचारूनच बांधावा. ओटीपोटात जडपणा, खोकताना लघवी सुटणे, बेंबीपाशी फुगवटा, ताप, यांपैकी काहीही दिसल्यास दवाखाना गाठावा. दवाखान्यात प्रसूती झाली असली, तरी आशाताई तिसऱ्या दिवसापासून 42व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. त्यांच्यापाशी तरी मोकळेपणाने बोलावे.

जुन्या रीतीत पट्टीबरोबर सव्वा महिन्याची विश्रांतीही होती : बाज, शेक, तेल, डिंकाचे लाडू आणि दुसऱ्या कोणी भरलेले पाणी. आमच्या आईला त्यांतली फक्त पट्टी मिळाली. 2 फेब्रुवारीला आपण प्रभूच्या समर्पणाचा सण पाळतो, तो नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी येतो. पवित्र मारियेलाही मंदिरात जाण्यापूर्वी तेवढे दिवस होते, हे त्या सणाच्या प्रवचनात मी आजवर कधी सांगितले नाही.

सावरगावच्या त्या घरातून निघताना मी बाळाच्या वडिलांना बाहेर बोलावून घेतले. संत्र्याच्या बागेत दिवसभर राबणारा माणूस. मान खाली घालून ऐकत होता. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा बाळाची आई न थांबता बोलली, आणि तो दारात रिकामा गुंड घेऊन उभा होता. मला पाहून जरा लाजला, आणि नळावर गेला.